पाच भरणे, पाच वेगळी नावं

मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत गेली एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. व्हाउचरवर पैसे कुणाला द्यायचे ते नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर मी व्हाउचर परत पाठवते. चेअरमन साहेबांचं असलं तरी पाठवते. आणि याच मी पाच महिन्यांत एका ‘फॉरेक्स ब्रोकर’ला, म्हणजे परकीय चलनाचे सौदे करून देतो म्हणणाऱ्या दलालाला, ८,४०,००० रुपये भरले. पाच वेळा भरले आणि पाचही वेळा खात्यावरचं नाव वेगळं होतं. पहिल्यांदा कपड्यांचं दुकान, मग ट्रॅव्हल्स, मग कसलीशी एंटरप्रायझेस. ब्रोकरचं नाव एकदाही नव्हतं. प्रत्येक वेळी मी ते नाव वाचलं, विचारलं आणि उत्तर ऐकून पैसे पाठवले. उत्तर होतं, “ताई, परदेशी कंपनीचं इथं खातं नसतं, हे आमचे पेमेंट पार्टनर आहेत.”

हे लिहायला मला खूप दिवस लागले. पण रोज नवीन माणसं याच वाटेनं जाताना दिसतात, म्हणून सगळं सांगते.

मी आंधळेपणानं उडी मारली नव्हती. जाहिरात बघितली, नंबर दिला, दुसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन आला. स्वच्छ मराठी, बोलण्यात आदर. त्यानं पैसे मागितले नाहीत, उलट म्हणाला, “आधी डेमो वापरा, पटलं तरच बघू.” मी वही घेतली आणि तीन ब्रोकरांचे रकाने पाडले: स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) किती, लिवरेज (भरलेल्या पैशाच्या किती पट व्यवहार करता येतो) किती, कमीत कमी किती रक्कम, पैसे काढायला किती दिवस, ॲपला किती स्टार. त्याची कंपनी जवळजवळ सगळ्या रकान्यांत पुढे होती. परवान्याचा नंबरही त्यानं दिला, ब्रिटनच्या नियामकाचा. त्या नियामकाच्या, म्हणजे एफसीएच्या, रजिस्टरवर मी तो टाकला, तर कंपनी सापडली. नाव तेच. मी वहीत बरोबरची खूण केली आणि तिथंच थांबले.

त्या रजिस्टरवर कंपनीची वेबसाइट आणि फोन नंबरही दिलेला असतो. ते मी माझ्याकडच्या वेबसाइट आणि नंबरशी ताडून बघितलं नाही. लंडनला असलेल्या माझ्या मावसभावानं नंतर दोन मिनिटांत दाखवलं की दोन्ही वेगळे आहेत. खऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर उचलून त्यावर भलतंच दुकान चालवायचं, याला तिकडं क्लोन फर्म म्हणतात. एफसीए अशा क्लोन कंपन्यांबद्दल सतत इशारे देत असते.

दुसरी गोष्ट तर माझ्या वहीतच लिहिलेली होती. लिवरेजच्या रकान्यात १:५०० आणि पुढे ‘डिपॉझिट बोनस’, म्हणजे पैसे भरले की ब्रोकरकडून वर मिळणारी रक्कम. युरोपच्या एस्मा या बाजार नियामक संस्थेनं १ ऑगस्ट २०१८ पासून सामान्य ग्राहकाला युरो-डॉलरसारख्या मोठ्या चलनजोड्यांत १:३० पेक्षा जास्त लिवरेज देण्यावर बंदी घातली आणि असे बोनस देणंही बंद केलं. ब्रिटननं २०१९ मध्ये तेच नियम कायम केले. म्हणजे खरोखर त्या परवान्याखाली माझं खातं असतं, तर १:५०० आणि बोनस मला देताच आले नसते. मी ज्याला फायदा समजून गुण दिले, तोच खोटेपणाचा पुरावा होता. कराराच्या शेवटच्या पानावर कंपनीचा पत्ता सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्सचा होता. आम्ही फॉरेक्स व्यवहाराचे परवाने देतच नाही, असं तिथल्या वित्तीय नियामकानं स्वतः जाहीर केलेलं आहे. ते पान मी वाचलं नव्हतं.

१:५०० म्हणजे काय तेही सांगते, कारण मला ते ‘कमी पैशात मोठा व्यवहार’ एवढंच कळलं होतं. युरो-डॉलरचा एक लॉट म्हणजे १,००,००० युरो. १:५०० ला त्यासाठी फक्त २०० युरो अडकतात, १:३० ला साधारण ३,३३३. भाव एका पिपनं, म्हणजे चौथ्या दशांश स्थळी एकानं, हलला की १० डॉलर इकडे किंवा तिकडे. खात्यात हजार डॉलर असतील, तर शंभर पिप उलटे गेले की सगळे संपले. एवढा फरक या जोडीत एखाद्या बातमीच्या दिवशी सहज पडतो. आणि अशा सौद्यांना सीएफडी म्हणतात, त्यात तुम्ही काहीच विकत घेत नाही. डॉलर नाही, सोनं नाही, शेअर नाही. भावातल्या फरकाचा तो करार आहे आणि पुष्कळदा समोरचा पक्ष ब्रोकर स्वतःच असतो. तुम्ही हरलात की त्याचा फायदा. एस्मानं हे नियम आणले तेव्हा तपासणीत ७४ ते ८९ टक्के सामान्य ग्राहकांची खाती तोट्यात होती. ते सगळे प्रामाणिक, नोंदणीकृत ब्रोकरांचे ग्राहक होते.

मला मात्र तोटा दिसलाच नाही. १५,००० रुपयांनी सुरुवात केली आणि आठवड्यात आकडा वाढला. ॲप नावाजलेलं होतं, मेटाट्रेडर ५, जगभर वापरलं जातं. मला वाटलं, ॲप खरं म्हणजे त्यातला आकडा खरा. पण ॲप नुसती खिडकी आहे, आत कोणत्या सर्व्हरचा हिशेब दिसतो तो ब्रोकरच्या हातात. खतावणी त्याची, लेखणी त्याची. हे मला कळायला हवं होतं. पासबुक छापून देणारा आणि पैसे ठेवून घेणारा एकच माणूस असेल, तर तपासणी कुणी करायची?

मग मी ६,००० रुपये काढून बघितले. दुसऱ्या दिवशी खात्यात जमा. कुणा अनोळखी माणसाच्या नावावरून आले होते, पण आले. त्या ६,००० नी माझी उरलीसुरली शंका संपवली. पुढं १,२०,००० भरले, मग २,५०,०००, मग मुलीच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी ठेवलेली ठेव मोडून आणि सासूबाईंच्या पाटल्या गहाण टाकून ३,४५,०००. घरात नवऱ्याला सांगितलं नव्हतं. “नफा हातात आला की एकदम सांगा, ताई,” असं त्या मुलानंच सुचवलं होतं. हे वाक्य कुणी म्हणालं की तिथून उठा.

पडद्यावर १४,६२० डॉलर दिसायला लागले तेव्हा मी सगळे काढायचा अर्ज टाकला. उत्तर आलं की आधी कर आणि शुल्क मिळून १,१०,००० भरा. मी म्हटलं, त्यातूनच कापून घ्या आणि उरलेले द्या. तो म्हणाला, सिस्टीम तसं करत नाही. पतसंस्थेत व्याजावर टीडीएस मी स्वतः कापते. कर कापून उरलेली रक्कम दिली जाते, किंवा माणूस स्वतः चलन भरतो. तुमचेच पैसे सोडण्यासाठी आधी कर आमच्याकडे भरा, असं कोणताही कायदा सांगत नाही. हे ठाऊक असूनही मी भरले, कारण तोवर ७,३०,००० आत होते आणि तेवढ्यासाठी १,१०,००० लहान वाटले. त्यानंतर ‘मनी लाँडरिंग तपासणी’साठी आणखी २,००,००० मागितले.

ते कदाचित मी जमवलेही असते. पण त्याच आठवड्यात पगार झाला आणि माझं एटीएम चालेना. बँकेत गेले तर साहेबांनी स्क्रीन बघून विचारलं, “मॅडम, तुमच्या खात्यात परराज्यातल्या सायबर गुन्ह्याची रक्कम आली आहे का?” ६,००० रुपये. मला ‘नफा’ म्हणून मिळालेले ते पैसे दुसऱ्या कुणाचे होते. त्याला फसवून घेतलेल्या रकमेतला एक तुकडा माझ्या खात्यात टाकला होता, मी विश्वास ठेवावा म्हणून. त्यानं तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि तो माझ्यापर्यंत आला. बँकेच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा रडले. स्वतःच्या पैशांसाठी नाही.

त्या मुलाला फोन केला तर आवाज बदलला. म्हणाला, “पोलिसांत जाल तर तुम्हीच अडकाल. तुम्ही फेमा मोडलाय.” फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा. धमकी देणाऱ्याचा हेतू वाईट, पण माहिती पूर्ण खोटी नव्हती. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तीन रकाने पाडलेच नसते. भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचे व्यवहार फक्त अधिकृत व्यक्तींमार्फत आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंज किंवा रिझर्व्ह बँकेनं मंजूर केलेल्या मंचावरच करता येतात. परदेशी मंचावर मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, म्हणून पैसे पाठवायला एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतही परवानगी नाही. एनएसई, बीएसईवर चलनाचे सौदे होतात, पण रुपयाशी जोडलेल्या सौद्यांसाठी ३ मे २०२४ पासून तुमच्याकडे खरी परकीय चलनाची जोखीम, म्हणजे परकीय चलनात खरंच काही येणं किंवा देणं, असावी लागते. म्हणजे ‘कोणता परदेशी ब्रोकर चांगला’ हा माझा प्रश्नच इथं लागू नव्हता.

रिझर्व्ह बँकेनं ७ सप्टेंबर २०२२ ला अनधिकृत मंचांची पहिली यादी काढली, ३४ नावांची. पुढं ती वाढत गेली. पण यादीत नाव नाही म्हणजे ब्रोकर अधिकृत, असा अर्थ नाही, हे बँकेनंच म्हटलं आहे. माझ्या ब्रोकरचं नाव तिथं नव्हतं आणि मी त्यावरही बरोबरची खूण केली होती.

गावातल्या एका वकिलांनी सांगितलं, जे झालं ते जसंच्या तसं लिहून द्या. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पाचही भरण्यांचे व्यवहार क्रमांक दिले. शेवटच्या भरण्यातले ४१,००० रुपये पुढच्या एका खात्यात रोखता आले, ते कोर्टाच्या आदेशानं मिळतील. बाकीचे कधीच पुढं गेले होते. ज्यांनी आज-काल पैसे पाठवले असतील त्यांनी हे वाचत बसू नये, आधी १९३० लावावा. पैसे किती थांबतील हे तासांवर ठरतं. चॅट आणि ॲप पुसू नका, पडद्याचे फोटो काढून ठेवा.

तक्रारीनंतर महिन्याभरात एका ‘रिकव्हरी एजन्सी’चा फोन आला. माझी रक्कम, ब्रोकरचं नाव, सगळं त्यांना माहीत. फी फक्त २५,०००. ही माहिती त्या टोळीशिवाय कुणाकडे असणार? मी फोन ठेवला आणि तो नंबरही पोलिसांना दिला.

नवऱ्याला ज्या रात्री सांगितलं त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. मुलीची फी शैक्षणिक कर्जातून भरली. पाटल्या अजून गहाण आहेत.

माझं खातं मोकळं व्हायला तेवीस दिवस लागले. त्या परराज्यातल्या ठाण्याला मी पत्र लिहिलं की ही रक्कम माझी नाही, मूळ तक्रारदाराला परत करायला माझी हरकत नाही. पत्रावर तक्रार क्रमांक आणि रक्कम टाकली. नावाची जागा मोकळी ठेवली. ते कोण होते, त्यांचे एकूण किती गेले, हे मी ठाण्यात दोनदा विचारलं. सांगता येत नाही म्हणाले.