बदकाची उबवणीची अंडी म्हणून विकली गेली वांझ अंडी

समाजमाध्यमांवरील जाहिराती पाहून खाकी कॅम्पबेल बदकाची उबवणीची अंडी मागवणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. माझी फसवणूक ज्या पद्धतीने झाली, ती एकाच गोष्टीवर चालते : अंड्यात काय आहे हे घेणाऱ्याने वेळेत पाहू नये.

घाटावरच्या एका विक्रेत्याने खाण्याच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट दर लावला, सगळी रक्कम आगाऊ घेतली आणि अंडी बसच्या पार्सलने कोकणात आमच्या गावी पाठवली. सोबत फोनवर बजावून सांगितले, की 28 दिवस उबवणी यंत्राचे झाकण उघडायचे नाही आणि अंड्यांना बॅटरीचा उजेड दाखवायचा नाही, कारण उजेडाने पिल्लू मरते. हे साफ खोटे आहे. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी टेकवून काही सेकंद पाहिल्याने गर्भाला काहीही होत नाही. खुडूक बदकीसुद्धा खाण्यापिण्यासाठी घरट्यावरून उठतेच आणि तेवढा वेळ अंडी उघडी राहतात.

वाटेत चीर गेलेली दोन अंडी मी आल्या दिवशीच बशीत फोडली. फलित अंड्याच्या बलकावर मधोमध पारदर्शक भाग आणि भोवती फिकट कडे असा गोल ठिपका दिसतो. या दोन्हींवर मात्र लहानसा, वेड्यावाकड्या कडांचा, नुसता पांढरा ठिपका होता, जो अफलित अंड्यात असतो. तरीही दोनच अंड्यांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते, म्हणून उरलेली अंडी यंत्रात ठेवली आणि त्यांच्याशेजारी पेन्सिलने खूण करून शेजारच्या वहिनींच्या घरच्या बदकांची काही अंडी ठेवली.

सातव्या रात्री बॅटरी लावली. वहिनींच्या बहुतेक अंड्यांत हवेच्या कप्प्याखाली कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले तांबडे धागे आणि त्यांच्या मध्ये काळसर ठिपका स्पष्ट दिसत होता. विकत घेतलेली अंडी मात्र एकजात स्वच्छ पिवळसर उजळली. आत बलकाच्या सावलीखेरीज काही नव्हते. गर्भ काही दिवस वाढून मेला असता तर रक्ताचे कडे दिसले असते, तेही एकाही अंड्यात नव्हते. शिवाय हवेचे कप्पे पहिल्याच दिवशी इतके मोठे होते, की ती ‘काल-परवाची’ अंडी असणे शक्य नव्हते.

विक्रेत्याने आधी विजेला दोष दिला. यंत्राचे तापमान 37.5 अंश होते आणि वीज गेली असती तर वहिनींची अंडीही वाया गेली असती, असे मी सांगितले. मग त्याने प्रवासातल्या धक्क्यांचे कारण पुढे केले. धक्क्यांनी नुकसान होते हे खरे आहे, पण धक्क्यांमुळे फलित अंड्याच्या बलकावरचा ठिपका अफलित अंड्यासारखा होत नाही. शेवटी त्याने निम्म्या पैशांत नवी अंडी देऊ केली, पुन्हा आगाऊ रक्कम भरून. मी नकार दिल्यावर त्याने फोन उचलणे बंद केले.

बदकी नराशिवायही अंडी घालते आणि खाण्याच्या अंड्यांसाठी पाळलेल्या कळपात नराची गरज नसते. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी त्या कळपाचा थेट व्हिडिओ मागावा. पाच-सहा बदकींमागे एक नर दिसायला हवा. प्रौढ नर शेपटीवरच्या वर वळलेल्या पिसांवरून ओळखता येतो. नव्वद टक्के पिल्ले निघण्याची हमी देणाऱ्याकडून अंडी घेऊच नयेत, कारण लांबून आलेल्या अंड्यांची अशी हमी कोणीही प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. दोन अंडी जास्तीची मागवून ती उबवण्याआधीच फोडून पाहावीत.

अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत थांबल्यास उबेत अंडी कुजतात, काही फुटतातही, आणि दाखवायला पुरावा उरत नाही. म्हणून अंडी फोडतानाचे आणि बॅटरी लावतानाचे चित्रण तारखेसह जपून ठेवावे. पैसे ऑनलाइन दिले असल्यास 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे, आणि त्या विक्रेत्याची जाहिरात त्याच छायाचित्रांसह अजून सुरू आहे.