सिलिकॉनचा कुल्फी साचा: दह्याच्या कुल्फीला उत्तम, पण ताटलीशिवाय नाही

सहा खणांचा, प्रत्येकी 80 मिलीचा साचा. सगळ्यात मोठी सोय म्हणजे कुल्फी काढायला नळाखाली धरावा लागत नाही. कडा सोलल्या की अख्खी निघते. मात्र भरलेला साचा लवलवतो, म्हणून आधी स्टीलच्या ताटलीत ठेवा, मगच भरा. झाकणं सैल आहेत. फ्रीजरमध्ये मासळी असेल तर वास हमखास धरतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवल्यावर बराच जातो.

पोटाला हलकं हवं तर अर्धा लिटर ताजं दही तीन तास टांगा. निवळीबरोबर पाणी आणि थोडं लॅक्टोजही, म्हणजे दुधातली साखर, जातं, बर्फाचे खडे कमी होतात. त्यात वाटीभर आमरस, एक पिकलं केळं, चमचाभर भिजवलेला सब्जा. आमरस आटवून घेतला असेल तर पूर्ण गार करूनच मिसळा. गरम रसाने दह्यातले जिवाणू मरतात, गोठवल्याने मात्र बरेचसे टिकतात. साखर अगदीच वगळलीत तर कुल्फी दगड होते, केळं ती कसर भरतं. वर अर्धा सेंटिमीटर रिकामं सोडा, गोठताना मिश्रण फुगतं. काडी पाऊण तासाने खोचा, नाहीतर कलंडते.