भिंतीवरचा व्हिसलजॅकेट, आठ महिन्यांनंतर: घोडा आला, सावली अडकली

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज, त्याचा व्हिसलजॅकेट नावाचा तो तांबूस घोडा, मागच्या पायांवर उठलेला, पाठीमागे काही म्हणजे काही नाही. ऑक्टोबरात ६० बाय ५० सेंटीमीटरचा कॅनव्हास प्रिंट, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं छापील कापड, मागवला, टपालखर्चासकट ४८ पौंड. तेव्हापासून लंडनजवळच्या स्लाउमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर टांगलाय. रंग टिकलाय. थंडीत घरात ओल धरली तेव्हा कापड सैल पडलं होतं, पण कोपऱ्यातल्या पाचरी जरा ठोकल्या आणि परत ताठ झालं.

सुरुवातीचे चार महिने माझी कुरकुर वेगळीच होती. ४८ पौंड मोजले आणि निम्म्या कापडावर नुसता मातकट रंग! व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अरे, मागचं रंगवायचं राहिलंय का त्याचं?"

फेब्रुवारीत लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेलो. फुकट आहे, म्हणूनच गेलो. मूळ चित्र २९२ बाय २४६ सेंटीमीटर, गॅलरीने १९९७ मध्ये १.१ कोटी पौंडांना घेतलेलं. समोर उभं राहिल्यावर कातडीखालच्या शिरा दिसतात. दिसणारच. या स्टब्जबाबाने लिंकनशरमधल्या होर्कस्टो गावात दीड वर्ष मेलेले घोडे टांगून थराथराने सोलले आणि प्रत्येक थर कागदावर उतरवला. त्याचं घोड्याच्या शरीररचनेवरचं पुस्तक १७६६ मध्ये निघालं.

पण मी अडकलो खुरांपाशी. मागच्या खुरांजवळ दोन लहानशा सावल्या आहेत. जमीन नाही, गवत नाही, त्या एवढ्याशा सावल्यांवर तो अख्खा घोडा उभा आहे. मागचं राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय, हे तेव्हा कळलं. घरी येऊन बूटही न काढता सोफ्यावर चढलो. माझ्या घोड्याला सावलीच नाही! खूर टेकतात तिथेच कापड संपतं. चार महिने मी अधांतरी घोडा बघत बसलो होतो.

दुकानदाराला फोटोसकट ईमेल टाकला. उत्तर आलं, कडा मागे दुमडताना थोडं जाणारच. मी लिहिलं, थोडं म्हणजे नेमकी सावलीच? पाच ईमेलांनंतर बदली म्हणून स्टब्जचंच 'रीपर्स' देऊ केलं, १७८५ चं. गहू कापणारी माणसं, घोड्यावर बसून देखरेख करणारा साहेब, आणि कामकऱ्यांच्या कपड्यांवर एक डाग नाही. आमच्याकडे सुगीत असा शर्ट दिसला तर गडी दिवसभर बांधावर बसून होता म्हणतील. नको म्हटलं.

मे महिन्यात चिडून प्रिंट उतरवला आणि उलटा करायला गेलो, तर सावल्या तिथेच! चौकटीच्या खालच्या जाडीवर, दुमडीत. स्क्रूड्रायव्हरने वरच्या-खालच्या पिना उचकटल्या, कापड दोन बोटं वर ओढलं, परत पिना मारल्या. वरून जे मागे गेलं तो कोरा रंगच होता, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. ज्या रिकाम्या जागेला नावं ठेवली, तिनेच भागवलं.

प्रिंटला पाचपैकी चार, दुकानाला एक. आता सोफ्यावर बसून मान वर केली की खालच्या कडेला कापडाची पांढरी पट्टी दिसते. म्हणून मी समोरच्या खुर्चीत बसतो.