नव्वद फासे आणि आमचे अण्णा : 'साग्रादा' आठ महिने खेळल्यावर

गणपतीच्या सुट्टीत हा खेळ घरी आला तेव्हा सासऱ्यांनी खोक्याकडे बघून निकाल दिला होता, "फासे आले म्हणजे नशीब आलं. त्यापेक्षा पत्ते काढा." आता जेवणं आटोपली की टेबल पुसून घ्यायची घाई अण्णांनाच असते.

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमधल्या रंगीत काचांवर हा खेळ बेतलेला आहे. एड्रियन अदामेस्कू आणि डॅरिल अँड्र्यूज यांनी तो रचला, २०१७ साली आला. प्रत्येकापुढे वीस घरांची एक खिडकी, चार ओळी, ओळीत पाच घरं. काही घरांत रंग ठरलेला, काहींत आकडा, बाकीची मोकळी. पिशवीतून काचेसारखे फासे काढून टाकायचे आणि आपल्या पाळीला एक उचलून खिडकीत बसवायचा. शेजारच्या किंवा वर-खालच्या घरात तोच रंग नको आणि तोच आकडाही नको. तिरके चालतात. ऐकायला सोपं आहे, पण पहिला महिनाभर दर डावाच्या शेवटी गुण मोजताना कुणाच्या तरी खिडकीत दोन चौके शेजारी बसलेले सापडायचे. बहुतेक वेळा माझ्याच.

अण्णा बँकेत कॅशियर होते. तिसऱ्या-चौथ्या डावातच त्यांनी हिशोब मांडला: फासे नव्वद, रंग पाच, म्हणजे प्रत्येक रंगाचे अठरा. चौघं खेळलो की दर फेरीला नऊ निघतात, आठ खिडक्यांत जातात, एक बाजूला उरतो. दहा फेऱ्यांत पिशवी रिकामी! म्हणजे चौघांच्या डावात कुठला रंग किती शिल्लक आहे हे मोजता येतं, मेंढीकोटात हुकूम मोजतात तसं. आठव्या फेरीला ते शांतपणे म्हणतात, "जांभळे दोनच राहिलेत हं," आणि जांभळ्यासाठी घर राखून बसलेल्या माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरतो. दोघांच्या डावात ही गंमत नाही. फेरीला पाचच फासे निघतात, चाळीस पिशवीतच राहतात, आणि मग दुसऱ्याला अडवायला अण्णांना दानावर भिस्त ठेवावी लागते.

उचलायचा क्रमही मजेदार आहे. एक-दोन-तीन-चार, मग उलट चार-तीन-दोन-एक. चौथ्याला दोन फासे लागोपाठ मिळतात. पहिल्याला आधी हवा तो, पण दुसऱ्या वेळी उरलेल्या दोनांतला एक. "पहिला मान, शेवटी घाण" ही आमच्या लेकीची म्हण. ती दहा वर्षांची आहे आणि तिला अवजारांची कार्डं फार आवडतात. एक फासा उलटा करायचं कार्ड आहे, सहाचा एक, पाचाचा दोन. एकाने आकडा वाढवायचं किंवा घटवायचं आहे, पण त्यात सहाचा एक होत नाही, यावरून एका संध्याकाळी चांगलीच जुंपली होती. अवजार वापरायला काचेचे मणी मोजावे लागतात; पहिल्यांदा वापरणाऱ्याला एक, नंतरच्यांना दोन. अवघड खिडकी घेतली तर मणी जास्त मिळतात. ती दरवेळी अवघडच घेते, मणी सहाव्या फेरीपर्यंत उडवते आणि रिकाम्या घरांचे गुण कापून घेते.

कुरबुरी सांगायच्या तर, आमच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात निळा आणि जांभळा ओळखताना चाळशी लागते. चौघांच्या डावात नवरा इतका विचार करतो की मधे माझा कुकर लावून होतो. आणि कुणाची सोंगटी मारण्यात मजा येणाऱ्यांना हा खेळ मचूळ वाटेल. इथे फार तर दुसऱ्याला हवा तो फासा आपण उचलायचा, एवढाच दुष्टपणा. तो अण्णा मनापासून करतात.

फासे अगदी बारीक आहेत. मार्चमध्ये एक हिरवा हरवला. कपाट हलवलं, सोफा उलटा केला, नाही मिळाला. नव्वदाचे एकोणनव्वद झाले म्हणजे शेवटच्या फेरीला एक कमी, आणि अण्णांचं गणित कोलमडलं. शेवटी लुडोतला पांढरा फासा लेकीने स्केचपेनने हिरवा केला. बोटांना रंग लागतो, खिडकीच्या घरात तो नीट बसत नाही, पण डाव चालतो. फक्त पिशवीत हात घालताच तो मोठा फासा कळतो, म्हणून फासे काढायचं काम आता अण्णांना द्यायचं नाही असं बहुमताने ठरलंय.