पंजशीरच्या मसूदवरची ऑडिओ सिरीज: पैसे वसूल, पण म्युझिक आवरा राजेहो

आमच्याकडं शेतीची लाईन रात्रीच येते, म्हणून हरभऱ्याले पाणी देता देता ऐकाले घेतली. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौज अफगाणिस्तानात घुसली अन काबूलच्या पॉलिटेक्निकमधी शिकलेला हा गनिमी लढवय्या अहमद शाह मसूद पंजशीर खोऱ्यात पाय रोवून बसला, तिथून खरी मजा. सालंगचा घाट म्हंजे काबूलची नाडी, रशियातून डिझेल-दारूगोळा तिथूनच याचा, अन मसूदची पोरं वरून ट्रकांचा ताफा फोडून डोंगरात गायब! 1984 चा भाग तर दोनदा ऐकला, मोठा हल्ला येणार हे आधीच कळलं तर गडी गावंच्या गावं खाली करून मोकळा, बॉम्ब पडले रिकाम्या घरांवर.

1983 चा सोव्हिएत फौजेसंगचा तह मात्र पाच मिनटात गुंडाळला, अरे तेच तर डोकं होतं ना त्याचं, त्या सवडीत त्यानं फौज बांधली. अन मागं सारखा ढोल कायले वाजवता बाप्पा, माणूस काय बोलून रायला ते ऐकूच येत नाही. रेंज नसली की अडकते, गावातूनच डाउनलोड करून न्या.

आपल्या चांद्याकडच्या बाबुराव शेडमाकेंनी 1858 मधी इंग्रजांले जंगलातून असंच जेरीस आणलं होतं, त्यांच्यावर काढा, डबल पैसे देतो.