करार झाल्याशिवाय नाव न शिवणारे धोबीतलावचे दुकान

मेट्रो सिनेमाच्या आसपास, धोबीतलाव परिसरात, क्रीडासाहित्य आणि करंडक विकणारी जी जुनी दुकाने आहेत, त्यांच्या मागच्या एका गल्लीत जर्सीवर नाव आणि क्रमांक घालून देणारे एक छोटे दुकान आहे. दर्शनी भागात क्रिकेट आणि फुटबॉलच्या जर्स्या टांगलेल्या असतात. बेसबॉलचा कोठे उल्लेखही नाही. तरीही टोरांटोच्या ब्लू जेज या बेसबॉल संघाचे मुंबईत जे मोजके चाहते आहेत, ज्यांची मुले किंवा भावंडे कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे स्थायिक झाली आणि ज्यांना त्यांच्यामुळे पहाटे उठून सामने पाहण्याची सवय लागली, त्यांच्यात हे दुकान चांगलेच परिचित आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि सारा कारभार मालक आणि एक शिलाई मास्टर अशा दोनच माणसांवर चालतो.

कामाची पद्धत साधी आहे. संघाचे बोधचिन्ह असलेली जर्सी हे दुकान तयार करत नाही आणि कोणी मागितली तरी स्पष्ट नकार देते. ग्राहकाने स्वतःची कोरी जर्सी आणायची, बहुधा कॅनडाहून आलेल्या कोणाच्या तरी बॅगेतून आलेली, आणि दुकानाने तिच्या पाठीवर नाव व क्रमांक घालायचा. त्यासाठी दोन पर्याय आहेत: उष्णतेने चिकटवायचे व्हिनायल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर, किंवा ट्विल कापडाची अक्षरे कापून ती झिगझॅग टाक्याने शिवणे. शिवणकामाला जवळपास तिप्पट पैसे पडतात, पण दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहिले तर ते पैसे कशाचे आहेत हे विचारावे लागत नाही.

व्हिनायलच्या कामातही या दुकानाची जाण दिसते. गडद निळ्या पॉलिएस्टरवर पांढरे व्हिनायल चिकटवले की पुष्कळदा पांढऱ्यावर निळसर झाक चढते, कारण उष्णतेने कापडातील रंग सुटून वरच्या थरात शिरतो. उपनगरांतील बऱ्याच छपाईवाल्यांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते बोलत नाहीत. येथे मात्र पाठीमागे करडा थर असलेले, रंग अडवणारे व्हिनायल वापरतात आणि ते चिकटवणाऱ्या गरम प्रेसचे तापमान नेहमीपेक्षा खाली ठेवतात. बेसबॉलच्या जर्सीला पुढे बटणे असल्यामुळे प्रेसचा दाब सगळीकडे सारखा बसत नाही. त्यासाठी मास्टर जर्सीच्या आत फोमची एक चपटी उशी सरकवतात आणि बटणांची पट्टी पाटाच्या कडेबाहेर सोडतात. ब्लू जेजच्या अक्षरांतून आणि आकड्यांतून जी बारीक फट जाते, तीही त्यांनी जर्सीच्या पुढच्या बाजूवरून माप घेऊन हुबेहूब उतरवली आहे. ही फट जाड झाली की सगळी जर्सी नकली दिसू लागते, हे ज्याने अशा जर्स्या पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

परंतु हे परीक्षण लिहावेसे वाटले ते दुकानाच्या एका नियमामुळे. ज्या खेळाडूचा संघाशी करार अद्याप झालेला नाही, त्याचे नाव हे दुकान जर्सीवर घालत नाही. ग्राहक कितीही गळ घालो, मालक निम्मी रक्कम घेतात, पावतीवर ‘नाव नंतर’ असे लिहितात आणि जर्सी कपाटात ठेवून देतात. ‘काका, क्लबची घोषणा येऊ द्या. कापड कुठं पळून जात नाही,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर आहे. पैसे येत असताना ते थांबवून ठेवणारा दुकानदार मुंबईत विरळाच, आणि हा नियम त्यांनी का केला हे समजण्यासाठी ब्लू जेजच्या चाहत्यांनी गेल्या काही हिवाळ्यांत काय सोसले ते थोडे सांगावे लागेल.

डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओतानी हा फ्री एजंट होता, म्हणजे जुना करार संपल्यामुळे कोणत्याही संघाकडे जाण्यास मोकळा. पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, म्हणूनही आणि फलंदाज म्हणूनही पहिल्या रांगेत बसणारा असा खेळाडू आजच्या बेसबॉलमध्ये दुसरा नाही. 8 डिसेंबरला तो टोरांटोला निघाल्याची बातमी पसरली आणि कॅलिफोर्नियाहून टोरांटोकडे जाणाऱ्या एका खासगी विमानाचा मार्ग हजारो लोक संगणकावर पाहत बसले. विमान उतरले तेव्हा त्यातून रॉबर्ट हर्जावेक हे कॅनडाचे उद्योगपती बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ओतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सची निवड जाहीर केली. करार 10 वर्षांचा आणि 70 कोटी डॉलरचा. त्या रात्री मुंबईतही काही जण जागे होते आणि त्यांतील दोघांनी आपापल्या जर्स्या आधीच या दुकानात देऊन ठेवल्या होत्या. दोघांनाही 17 हा ओतानीचा क्रमांक हवा होता, आणि टोरांटोत तो क्रमांक होझे बेरिओस या पिचरकडे आहे याचा विचार कोणीच केला नव्हता. डॉजर्सकडे तरी तो कोठे मोकळा होता? तेथे जो केली या पिचरने तो ओतानीसाठी सोडला आणि ओतानीने केलीच्या पत्नीला पोर्श गाडी भेट दिली. आमच्याकडे ‘नाव नंतर’ लिहिलेल्या दोन पावत्या राहिल्या.

मुंबईकरांना बाहेरचा बडा खेळाडू हातचा जाणे नवे नाही. त्याच महिन्यात, 19 डिसेंबर 2023 रोजी, दुबईतील आयपीएल लिलावात मिचेल स्टार्कसाठी बोलीची सुरुवात करणाऱ्यांत मुंबई इंडियन्स होती. पुढे तो 24 कोटी 75 लाख रुपयांना कोलकात्याकडे गेला, कोलकाता 2024 ची विजेती ठरली आणि मुंबई त्या हंगामात तळाला राहिली. त्याचे दुःख झालेच. पण लिलावात निदान पट्टी कोणी कधी खाली ठेवली ते सर्वांना दिसते, थैलीत किती पैसे उरले होते तेही ठाऊक असते, आणि राग कोणावर काढायचा हे ठरवता येते. बेसबॉलमध्ये असे काहीच दिसत नाही. बोलणी बंद दाराआड होतात, निवड खेळाडू स्वतः करतो, आणि पुष्कळदा पैशांचा प्रश्न उरलेलाच नसतो. योशिनोबु यामामोतो हा जपानी पिचर डिसेंबर 2023 मध्येच 12 वर्षांसाठी 32 कोटी 50 लाख डॉलर घेऊन डॉजर्सकडे गेला, तेव्हा न्यूयॉर्क मेट्सनेही तेवढीच रक्कम देऊ केली होती अशा बातम्या होत्या. मालकाने हात आखडता घेतला म्हणून पिचर गेला, असे म्हणून बोटे मोडण्याची सोय तेथे राहत नाही. त्याला आपल्याकडे यायचेच नव्हते, एवढेच उरते, आणि ते पचवणे जड जाते.

रोकी सासाकीच्या वेळी तर हे अगदी उघडे पडले. जपानमध्ये एप्रिल 2022 मध्ये 19 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न मारू देताच बाद, करत परफेक्ट गेम, म्हणजे एकाही फलंदाजाला तळावर पोचू न देणारा सामना, टाकणारा हा पिचर अमेरिकेकडे निघाला तेव्हा 25 वर्षांच्या आतला होता, त्यामुळे नियमानुसार कोणत्याही संघाला त्याला मोठी रक्कम देता येत नव्हती. परदेशी नवोदितांसाठी प्रत्येक संघाला आखून दिलेल्या निधीतूनच काय ते द्यायचे होते. त्याच्या विचारात उरलेल्या शेवटच्या तीन संघांत टोरांटो होते. निधी वाढावा म्हणून त्यांनी क्लीव्हलँडकडून मायल्स स्ट्रॉ हा खेळाडू आणि त्याच्याबरोबर 20 लाख डॉलरची निधीची मर्यादा घेतली. त्याच दिवशी, 17 जानेवारी 2025 रोजी, सासाकीने डॉजर्सचे नाव जाहीर केले. सही करताना त्याला मिळाले 65 लाख डॉलर. म्हणजे जो पिचर मिळाला नाही त्याच्यासाठी केलेला व्यवहार तेवढा गळ्यात राहिला. पुढे स्ट्रॉने मैदानात चांगले क्षेत्ररक्षण केले हे खरे, पण त्या आठवड्यात ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

मुंबईत ही बातमी शनिवारी सकाळी कळली. आमच्यातील एका निवृत्त गृहस्थांची जर्सी तेव्हा ‘नाव नंतर’च्या कपाटात होती. ते दुकानात पोचले तेव्हा मालकांनी सासाकीचा विषयही काढला नाही. कपाटातून जर्सी काढून काउंटरवर पसरली आणि एवढेच विचारले, ‘घेऊन जाता की राहू दे?’ गृहस्थांनी ती राहू दिली. एप्रिलमध्ये टोरांटोचाच फलंदाज व्लादिमीर गरेरो ज्युनिअर याने टोरांटोशी 14 वर्षांचा, 50 कोटी डॉलरचा करार केला आणि मग त्या जर्सीवर ट्विलमध्ये गरेरोचे नाव आणि 27 हा क्रमांक शिवला गेला. मध्ये गेलेल्या काळाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

ज्यांनी धीर धरला नाही त्यांचे काय झाले, तेही येथेच पाहायला मिळते, कारण नाव काढून देण्याचे कामही हे दुकान करते. दुसरीकडे ओतानीचे नाव शिवून घेतलेली एक जर्सी माझ्यासमोर उसवली गेली. मास्टर जर्सी उलटी करून आतल्या बाजूने टाका उसवतात, म्हणजे सुईचे टोक वरच्या कापडाला ओरबाडत नाही. अक्षर सुटले की भोकांची दुहेरी रांग दिसते. तिच्यावर वाफ देऊन बोटाने कापड उभे-आडवे ताणले की बरीचशी भोके मिटतात. मिटत नाही तो रंगातील फरक: ज्या जागी अक्षरे होती तेथील कापडाला ऊन लागलेले नसते आणि धुण्याचा मारही कमी बसलेला असतो, त्यामुळे सहाही रोमन अक्षरे तिरप्या उजेडात वाचता येतात. मास्टरांनी हे ग्राहकाला काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले होते. व्हिनायल असेल तर ते तापवून सोलता येते, पण गोंदाचा चिकट ठसा मागे राहतो आणि तो पुसताना घाई केली तर कापडाची चकाकी जाते.

त्या तिरप्या उजेडातील नावाची खरी बोच 2025 च्या शरद ऋतूत जाणवली. 1993 नंतर प्रथमच टोरांटो वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत, पोचले आणि समोर डॉजर्स आले. सहाव्या सामन्यात उत्तरार्धात सासाकी टोरांटोच्या फलंदाजांना सामोरा गेला, सातव्या सामन्याची सुरुवात पिचर म्हणून ओतानीने केली, आणि आदल्याच दिवशी 96 चेंडू टाकलेल्या यामामोतोने पुन्हा येऊन तो सामना संपवला. 11 डावांनंतर डॉजर्स 5–4 असे जिंकले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूही यामामोतोच. त्याच्या बाबतीतही इच्छुकांत एके काळी टोरांटोचे नाव घेतले जात होते. ओतानीला तिसऱ्या डावात टोरांटोच्या बो बिशेटने तीन धावांचा होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका, मारला तेव्हा या जुन्या हिशेबाची थोडी परतफेड झाल्यासारखे वाटले होते; ते समाधान नवव्या डावापर्यंत टिकले. आपल्याकडे ती 2 नोव्हेंबरची रविवार सकाळ होती. त्याच रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, आणि पुढच्या आठवड्यात दुकानात हरमनप्रीत आणि स्मृतीच्या नावांची इतकी कामे आली की बेसबॉलच्या रडगाण्याला कोणी वाली उरला नाही. माझ्या मते ते योग्यच झाले.

आता तक्रारी. मार्च ते मे या काळात, म्हणजे आयपीएल आणि कार्यालयीन स्पर्धांच्या हंगामात, एका जर्सीचे काम मागे पडते आणि पूर्ण संघाच्या ऑर्डरी पुढे जातात. दिलेली तारीख त्या दिवसांत पाळली जाईल असे धरून चालू नये. अमेरिकेतील हंगामही नेमका मार्चअखेरीस सुरू होत असल्यामुळे ही अडचण बेसबॉलवाल्यांना अधिक भोवते. फोन बहुधा उचलला जात नाही. नावाचे स्पेलिंग संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, पण पडदा काउंटरच्या आतल्या बाजूला असल्याने ग्राहकाला वाकून पाहावे लागते, आणि अक्षरांमधील अंतर तेथे नीट कळत नाही; कागदावर एक छाप काढून द्यायला काहीच हरकत नसावी. माझ्या एका जर्सीवर क्रमांकाचा दुसरा आकडा किंचित खाली उतरला होता. दाखवल्यावर तो लगेच, विनामूल्य, पुन्हा लावून दिला. तरी तो आधीच दिसायला हवा होता. जर्सी घालून पाहण्यासाठी जागा अजिबात नाही.

करारापूर्वी नाव न घालण्याच्या नियमावर काही चाहते नाराज आहेत हेही नोंदवायला हवे. त्यांचे म्हणणे असे की पैसे आमचे, जर्सी आमची आणि आशाही आमची. दुकानाने मध्ये पडू नये. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि फारच आग्रह धरणाऱ्याला मालक ‘परत घेतले जाणार नाही’ असे लिहून त्यावर सही करायला सांगतात. माझ्या पाहण्यात तरी तो कागद समोर आल्यावर बहुतेक जण पेन खाली ठेवतात.

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस डिलन सीस या पिचरने टोरांटोशी 7 वर्षांचा, 21 कोटी डॉलरचा करार केल्याची बातमी आली. आमच्यातील एकाने त्याच सकाळी ‘नाव नंतर’ची जुनी पावती घेऊन दुकान गाठले. मालकांनी क्लबची अधिकृत घोषणा झाली का, असे विचारले; ती पाहिल्यावरच जर्सी मास्टरांकडे गेली. नाव पाचच रोमन अक्षरांचे असल्याने खर्च कमी आला, काम मात्र अक्षरांमधील अंतरामुळे थोडे अवघड होते, कारण रुंद पाठीवर पाच अक्षरे नीट मध्यभागी बसवणे आठ अक्षरे बसवण्यापेक्षा कठीण जाते. ते उत्तम बसले आहे.

मरीन लाइन्स स्थानकातून दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रविवारी ते बंद असते. जर्सी धुऊन, पण कोणतेही सुगंधी द्रावण न वापरता न्यावी, कारण त्याचा थर राहिला तर व्हिनायल धरत नाही. आणि निम्म्या रकमेची पावती जपून ठेवावी, कारण कपाटातील जर्स्या तिच्या क्रमांकानेच शोधल्या जातात.