दाराचा सेन्सर : वायफाय की झिग्बी?

एकच सेन्सर लावायचा असेल तर वायफायचा घ्या. वेगळा हब (सेन्सरना घरच्या नेटवर्कशी जोडणारी पेटी) लागत नाही, ॲप उघडून राउटरला जोडला की झालं. मात्र असे बहुतेक सेन्सर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी कधीकधी अडते. शिवाय वायफायला वीज जास्त लागते, म्हणून बॅटरी लवकर बदलावी लागते.

चार-पाच सेन्सर लागणार असतील तर माझं मत स्पष्टपणे झिग्बीच्या, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या वेगळ्या बिनतारी जोडणीच्या, बाजूने आहे. हबचा खर्च एकदाच होतो. सीआर२०३२ सारख्या बटणाएवढ्या सेलवर दाराचा सेन्सर बरेच महिने, कधी वर्षाहून जास्त चालतो. प्लगसारखी कायम विजेवर असलेली झिग्बी उपकरणं सहसा संदेश पुढे पोचवतात, त्यामुळे लांबच्या खोलीपर्यंत जाळं पसरतं. बॅटरीवरचे सेन्सर हे काम करत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

खरी मेख सुसंगततेत आहे. खोक्यावर ‘झिग्बी’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. एका कंपनीचा सेन्सर दुसरीच्या हबला जोडला जातो, पण तापमान दिसतं आणि बॅटरीची पातळी दिसत नाही, असंही होतं. मॉडेल क्रमांक हबच्या यादीत शोधा. हबऐवजी संगणकावर झिग्बी-टू-एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्यांची यादी सविस्तर आहे. आणि त्यासाठी संगणकाला लावायचा झिग्बीचा यूएसबी डोंगल यूएसबी ३ पोर्टला थेट खोचू नका. झिग्बीही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि त्या पोर्टचा तिथे अडथळा येतो, छोटी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा.